विद्यार्थिकेंद्री अभ्यासक्रम : प्रस्तावना आणि प्रश्नपत्रिका यांतील अंतर

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांच्या पुस्तिका चाळल्या असता गेल्या काही वर्षांत त्यांच्या पहिल्या पानांची भाषा लक्षणीयरीत्या बदललेली दिसते. पूर्वी अभ्यासपत्रिकेचे नाव, नेमलेली पुस्तके, गुणविभागणी आणि संदर्भग्रंथांची यादी एवढ्यावर पुस्तिका संपत असे. आता आरंभी प्रस्तावना येते, तिच्यामागून उद्दिष्टे येतात आणि त्यानंतर अध्ययन निष्पत्तींचा तक्ता येतो. ‘विद्यार्थिकेंद्री’, ‘सहभागी’, ‘अनुभवाधिष्ठित’ ही विशेषणे या पानांवर वारंवार भेटतात. हा बदल स्वागतार्ह आहे, कारण शिक्षण कोणासाठी हा प्रश्न त्याने निदान कागदावर तरी आणला. तथापि पहिल्या पानावर केंद्रस्थानी असलेला विद्यार्थी शेवटच्या पानावरील ‘प्रश्नपत्रिकेचे स्वरूप’ या मजकुरापर्यंत केंद्रस्थानी राहतो काय, याची चिकित्सा क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात पदवी स्तरावरील मराठी साहित्याच्या अध्यापनाच्या संदर्भात ही चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. अभ्यासक्रम विद्यार्थिकेंद्री आहे की नाही, हे त्याच्या प्रस्तावनेवरून अथवा त्यात नोंदवलेल्या अध्यापनपद्धतींच्या यादीवरून ठरत नाही. विद्यार्थ्याने स्वतः वाचलेल्या, शोधलेल्या आणि जाणलेल्या गोष्टीला उत्तरपत्रिकेत काही किंमत मिळते काय, यावरून ते ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. संकल्पनेची पूर्वपीठिका

विद्यार्थिकेंद्री शिक्षणाची चर्चा सामान्यतः जॉन ड्यूई यांच्या १९१६ मधील ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथापासून अथवा पाउलो फ्रेरे यांच्या शोषितांच्या शिक्षणविचारापासून सुरू केली जाते. ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या घडणीतच या प्रश्नाची मुळे आहेत, हे विसरता येत नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे आणि परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे काम विद्यापीठाने करावे, अशी ही विभागणी होती. परिणामी शिकवणारा एक आणि प्रश्न विचारणारा दुसरा, ही आपल्या उच्च शिक्षणाची मूळ रचनाच ठरली. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग निघाले, तरी संलग्न महाविद्यालयातील पदवीच्या वर्गापुरती ही रचना फारशी बदलली नाही.

या रचनेबाहेर राहिलेल्यांचा विचार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात दिसतो. त्यांचा मुख्य आग्रह प्राथमिक शिक्षणाचा होता. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब आणि व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्यविषयक धडे असावेत, असे त्यांनी सुचवले. मात्र त्याच निवेदनात उच्च शिक्षणासंबंधीही एक महत्त्वाची सूचना आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस खासगी विद्यार्थ्यांना बसता येते याबद्दल समाधान व्यक्त करून, तीच सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, अशी अपेक्षा त्यांनी नोंदवली. वर्गात येऊन बसणे ज्याला परवडत नाही, असा विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्यापीठाच्या कार्याची कल्पना आणखी विस्तृत केली. केवळ परीक्षा घेणे आणि पदव्या देणे यावर कोणत्याही विद्यापीठाचे अस्तित्व समर्थनीय ठरत नाही. उच्च शिक्षण गरजू व गरीब वर्गाच्या दारापर्यंत नेणे हे त्याचे कर्तव्य आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन जीवनाचा भाग बनवले. विद्यार्थ्याला कष्ट करावे लागतात ही वस्तुस्थिती येथे संस्थेने आपल्या व्यवस्थेत सामावून घेतली.

या परंपरेत एक सावधगिरीचे उदाहरणही आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले. त्याचबरोबर स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन गृहव्यवस्था, आरोग्य यांसारख्या विषयांना अभ्यासक्रमात स्थान दिले. हा अभ्यासक्रम विद्यार्थिनींना केंद्रस्थानी ठेवूनच आखला होता. परंतु त्यांचे भावी जीवन कसे असेल याचा एक आडाखाही त्यात आधीच बांधलेला होता. विद्यार्थ्याची गरज कोण ठरवतो, हा प्रश्न त्यामुळे आजही टाळता येत नाही. ग्रामीण महाविद्यालयासाठी कौशल्याधारित अभ्यासपत्रिका आखताना ‘या मुलांना एवढेच उपयोगाचे’ असा निवाडा तीत दडलेला नाही ना, हे तपासून पाहावे लागते.

२. अभ्यासक्रमाच्या संहितेतील विद्यार्थी

अभ्यासक्रम हीही एक संहिता आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती संहितेसारखीच वाचायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये पुरस्कारलेली निवडाधिष्ठित श्रेयांक पद्धती, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये काढलेला निर्णय यांमुळे अभ्यासक्रमाचा आराखडा आमूलाग्र बदलला. मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग, कार्यप्रशिक्षण अशी त्याची विभागणी झाली. विद्यार्थ्याला निवड करता यावी, हा या रचनेमागील हेतू होय.

परंतु निवड ही उपलब्धतेवर अवलंबून असते. ज्या महाविद्यालयात एका विषयाला एकच कायम प्राध्यापक आहे आणि उरलेले काम तासिका तत्त्वावर चालते, तेथे वैकल्पिक विषयांच्या यादीतून प्रत्यक्षात एकच विषय निघतो. पुस्तिकेत विद्यार्थी निवड करतो. वेळापत्रकात ती निवड त्याच्यासाठी आधीच झालेली असते.

अध्ययन निष्पत्तींच्या वाक्यरचनेकडेही लक्ष द्यायला हवे. ‘विद्यार्थी कवितेचा आस्वाद घेऊ शकतील’, ‘विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक दृष्टी विकसित होईल’, अशी ही वाक्ये असतात. या क्रियापदांमागे बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेले आणि २००१ मध्ये सुधारलेले शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण आहे. ज्ञान आठवणे ही त्यातील पहिली पायरी, तर विश्लेषण, मूल्यमापन व नवनिर्मिती या वरच्या पायऱ्या होत. पुस्तिकेतील निष्पत्ती बहुधा वरच्या पायऱ्यांची क्रियापदे वापरतात. प्रश्नपत्रिकेतील ‘टीपा लिहा’ आणि ‘सविस्तर उत्तरे लिहा’ हे प्रश्न मात्र अनेकदा पहिल्याच पायरीवर थांबतात.

या विसंगतीला मूल्यांकनाच्या व्यवस्थेनेही हातभार लावला. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ मध्ये सुधारलेल्या चौकटीत अनुभवाधिष्ठित अध्ययन, सहभागी अध्ययन आणि समस्या निराकरण या विद्यार्थिकेंद्री पद्धतींचा स्वतंत्र निर्देश केला. हेतू चांगला होता. पण ज्याचा पुरावा सादर करता येतो त्याकडेच संस्थेचे लक्ष वळते, हा व्यवहार आहे. गटचर्चेचे जिओ-टॅग छायाचित्र, उपस्थितीची स्वाक्षरीपट्टी आणि कार्यक्रमाचा अहवाल यांची फाईल तयार होते. त्या गटचर्चेत कोण बोलले, कोण गप्प राहिले आणि गप्प का राहिले, हे मात्र कोणत्याही फाईलमध्ये येत नाही.

३. प्रश्नपत्रिकेतील विद्यार्थी : बहिणाबाईंच्या कवितेचे उदाहरण

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता महाराष्ट्रातील अनेक अभ्यासक्रमांत नेमली गेली आहे. शाळेत न गेलेल्या या शेतकरी स्त्रीने घरातील व शेतातील काम करता करता गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आदी आप्तांनी ती लिहून ठेवली आणि १९५२ मध्ये, कवयित्रीच्या निधनानंतर, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. औपचारिक शिक्षणाबाहेरील ज्ञानाचा उच्च शिक्षणाने केलेला याहून मोठा गौरव शोधणे कठीण आहे.

या कवितेवर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न ‘बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ अशा स्वरूपाचा असतो. त्याचे उत्तर गाईडमध्ये सात-आठ मुद्द्यांत तयार असते : कृषिसंस्कृतीचे चित्रण, बोलीचा गोडवा, जीवनविषयक तत्त्वज्ञान, प्रतिमांची सहजता इत्यादी. हे मुद्दे चुकीचे नाहीत. अडचण अशी की, एकही कविता न वाचता हे उत्तर लिहिता येते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने असे उत्तर क्षणार्धात तयार करून देतात. संहितेशी भेट न होताही ज्याला पूर्ण गुण मिळू शकतात, त्या प्रश्नापुढे वर्गातील सर्व चर्चा, सादरीकरणे आणि प्रकल्प निष्प्रभ ठरतात. विद्यार्थी हे अचूक ओळखतो. वर्गातील चर्चेपेक्षा त्याला अपेक्षित प्रश्नसंच महत्त्वाचा वाटत असेल, तर तो आळस नसून व्यवस्थेने दिलेल्या संकेताचा त्याने लावलेला बरोबर अर्थ होय.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. बहिणाबाईंच्या ‘रगडनी’, ‘उपननी’ या कवितांच्या शीर्षकांतच प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’ आहे. अध्यापक वर्गात या उच्चाराचे सौंदर्य सांगतो. त्याच वर्गातील विद्यार्थ्याने उत्तरात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले की त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ उमटते. ज्या बोलीला कवितेत वैशिष्ट्य म्हणून गुण मिळतात, तीच बोली उत्तरपत्रिकेत अशुद्ध ठरते. प्रमाण लेखन शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. प्रमाण मराठी हे नोकरी, प्रशासन आणि स्पर्धा परीक्षा यांचे साधन आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला मिळालेच पाहिजे. परंतु बोली ही चूक नसून वेगळी व्यवस्था आहे, हे सांगून प्रमाण रूप शिकवणे आणि काहीही न सांगता गुण कापणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याला दोन भाषारूपे मिळतात. दुसऱ्या प्रकारात तो लिहिणेच कमी करतो.

येथे विद्यार्थ्याविषयीची सोपी गृहीतकेही तपासावी लागतील. खेड्यातून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला शेतीची शब्दसंपदा ठाऊक असते, हे आज गृहीत धरता येत नाही. मळणीयंत्र आल्यावर खळ्यावरची अनेक कामे गेली आणि त्यांचे शब्दही विरळ झाले. ‘घरोट’ म्हणजे जाते, हे खानदेशातील तरुण विद्यार्थ्यालाही आजीला विचारावे लागेल. त्याच परिसरातील महाविद्यालयात भिली अथवा पावरी बोलणारा विद्यार्थीही बसलेला असतो. त्याच्यासाठी बहिणाबाईंची लेवा बोली आणि अध्यापकाची प्रमाण मराठी या दोन्ही नंतर शिकलेल्या भाषा होत. ‘विद्यार्थी’ असा एकवचनी शब्द वापरणारी प्रस्तावना हे भेद पुसून टाकते.

४. पुनर्रचनेचा एक आराखडा

उद्दिष्ट, अध्यापनातील कृती आणि मूल्यमापन ही तिन्ही एकमेकांशी जुळलेली असावीत, हे तत्त्व जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये आग्रहाने मांडले. त्यानुसार पुनर्रचनेचा आरंभ प्रश्नापासून करणे उचित ठरेल. वरील प्रश्नाऐवजी पुढील प्रश्नाचा विचार करता येईल : ‘सोबत दिलेल्या दोन कवितांतील कामाशी संबंधित कोणतेही तीन शब्द निवडा. तुमच्या घरी किंवा परिसरात त्यांसाठी कोणते शब्द वापरतात ते नोंदवा. प्रमाण मराठीतील पर्याय योजल्यास कवितेच्या लयीत व अर्थात कोणता बदल होईल, ते स्पष्ट करा.’

या प्रश्नात कविता समोर दिलेली आहे, म्हणजे पाठांतराची परीक्षा नाही. भिली बोलणारा विद्यार्थी आपला शब्द सांगू शकतो आणि शहरात वाढलेला विद्यार्थी आपल्या घरी हा शब्दच का उरला नाही, हे मांडू शकतो. उत्तर मात्र संहितेच्या आधारानेच सिद्ध करावे लागते. विद्यार्थ्याचा अनुभव येथे प्रवेशद्वार आहे. गुण विश्लेषणाला आहेत.

एका श्रेयांकास १५ तासिका या हिशेबाने दोन श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेस ३० तासिका मिळतात. त्यांची विभागणी अशी करता येईल : परिचयात्मक व्याख्याने ६, वर्गातील प्रत्यक्ष संहितावाचन १०, विद्यार्थ्यांनी जमवलेल्या शब्दनोंदी व त्यांवरील चर्चा ६, वर्गातच करावयाचे लेखन ४ आणि पुनर्लेखन ४. लेखनाचे काम वर्गात ठेवण्यामागे कारण आहे. सकाळचे वर्ग आटोपून दुकानात, शेतात किंवा गॅरेजमध्ये कामाला जाणाऱ्या आणि एस.टी.च्या वेळेवर बांधलेल्या विद्यार्थ्याला गृहपाठ व गटप्रकल्प यांसाठी वेळ नसतो. असा विद्यार्थी मग कोणाची तरी वही उतरवून काढतो. अधिक कृती म्हणजे अधिक विद्यार्थिकेंद्रितता, हे समीकरण अशा वर्गात उलटे पडते. ज्याला घरी वेळ, जागा आणि इंटरनेट आहे, त्याचाच लाभ होतो.

व्याख्यानाला या आराखड्यात जाणीवपूर्वक स्थान ठेवले आहे. ज्याच्या घरात पुस्तके नाहीत, त्याच्यासाठी जाणत्या अध्यापकाचे उत्तम व्याख्यान हा अनेकदा साहित्याचा पहिला अनुभव असतो. त्याला ‘अध्यापककेंद्री’ म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल.

५. मर्यादा व आक्षेप

या आराखड्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचा दोन पानी मजकूर सहा मिनिटांत वाचायचा ठरवला, तरी एका फेरीस १० तास लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा आहे. लेखन वाचून त्यावर अभिप्राय देण्याचे काम या मोजणीत सहसा दिसत नाही. पहिला मसुदा विद्यार्थ्यांनी परस्परांत वाचावा आणि अंतिम मसुदा अध्यापकाने तपासावा, ही तडजोड शक्य आहे. तथापि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मिळणारा मोबदला केवळ घेतलेल्या तासिकेचा असेल, तर अभिप्रायाचे हे श्रम त्याच्याकडून विनामूल्य अपेक्षिणे अनैतिक होय. विद्यार्थिकेंद्री अभ्यासक्रमाची किंमत अध्यापकांतील सर्वांत दुबळ्या घटकाने मोजावी, हे समर्थनीय नाही.

दुसरा आक्षेप वस्तुनिष्ठतेचा. आदर्श उत्तर नसेल, तर वेगवेगळ्या परीक्षकांनी समान गुण कसे द्यावेत? हा आक्षेप रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केल्यानंतर गुणदानाचे कारण सांगता येणे आवश्यकच ठरले आहे. त्यावर उपाय म्हणजे निकष आधी जाहीर करणे. संहितेचा आधार, निरीक्षणाची अचूकता, युक्तिवाद आणि प्रमाण लेखन यांना स्वतंत्र गुण ठेवले, तर ‘पानी’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे विश्लेषणाचे गुण शाबूत राहतात आणि लेखनात कोठे सुधारणा हवी, हेही त्याला कळते.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. संलग्न महाविद्यालयातील अध्यापक अंतिम परीक्षेची प्रश्नपत्रिका स्वतः ठरवू शकत नाही. १८५७ ची विभागणी येथे पुन्हा समोर येते. मात्र अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याच्या हाती असतात आणि ते बहुधा ठरावीक चाचणीत खर्ची पडतात. बदलाची सुरुवात तेथून करता येईल. अभ्यास मंडळांनीही पुस्तिकेसोबत नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणदानाचे निकष प्रसिद्ध करावेत. स्वायत्त महाविद्यालयांना प्रश्न बदलण्याची मुभा आहे. मुभा मिळाली म्हणून प्रश्न आपोआप बदलत नाहीत, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

समारोप

विद्यार्थिकेंद्री अभ्यासक्रमाचा विचार अध्यापनपद्धतींच्या नावीन्यापुरता मर्यादित राहिला, तर पुस्तिकेची भाषा बदलेल आणि गाईडची सत्ता कायम राहील. प्रश्न बदलला, निकष जाहीर झाले, लेखनाला वर्गातच वेळ मिळाला आणि ते वाचण्याचे श्रम कार्यभारात मोजले गेले, तर मात्र विद्यार्थ्याला आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी स्वतःचे असे काही लिहिण्याचे कारण मिळेल. या चारही गोष्टी मोठ्या निधीवर अवलंबून नाहीत. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अभ्यास मंडळाच्या एखाद्या बैठकीत ठरू शकतात.

शाळेची पायरी न चढलेल्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाने धारण केले आहे. तिच्या भाषेत बोलणारा विद्यार्थी त्याच विद्यापीठीय व्यवस्थेच्या परीक्षेत काय लिहू शकतो, हे पाहिल्याशिवाय त्या गौरवाचा अर्थ पूर्ण होत नाही. अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेस बसणाऱ्या मंडळींनी म्हणूनच प्रस्तावना लिहिण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या काही उत्तरपत्रिका वाचाव्यात. विद्यार्थी केंद्रस्थानी आहे की नाही, याचे उत्तर तेथे त्याच्याच अक्षरात सापडेल.